रस्ता बंद आहे, हे कुणी आणि कधी सांगायचं?

३ जानेवारी २०२२. नववर्षाची सुट्टी संपून सोमवार उजाडला होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा आय-९५ महामार्ग उत्तरेत मेन राज्यापासून फ्लोरिडातल्या मायामीपर्यंत जातो, लांबी तीन हजार किलोमीटरच्या वर. फ्लोरिडाचं ऊन अंगावर घेऊन घरी परतणारी कुटुंबं, मालाचे ट्रक, मंगळवारी कामावर हजर व्हायचं असलेले नोकरदार, सगळे त्या दिवशी याच रस्त्यावर होते. व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केनही होते. दुपारी एकच्या सुमारास ते रिचमंडहून वॉशिंग्टनला निघाले. अंतर मुंबई-पुण्याहून थोडं जास्त, एरवी दोन तासांचा प्रवास. ते पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी, २७ तासांनी.

गाडीत खायला काही नव्हतं, शीतपेय तेवढं होतं. रात्री थोडा वेळ इंजिन चालू करून हीटर लावायचा, गाडी ऊबदार झाली की बंद करायचा आणि जमेल तेवढी झोप काढायची, असा त्यांचा क्रम होता. सकाळी कनेटिकटचं एक कुटुंब गाड्यांच्या रांगेतून चालत संत्री वाटत आलं. तेही फ्लोरिडाहून परतताना अडकलेलं होतं. एक संत्रं सिनेटरसाहेबांच्या वाट्याला आलं. आपल्याकडे खासदार अडकला असता तर रस्ता मोकळा करायला जेसीबी धावला असता, असं कुणी म्हणेल. तिथेही यंत्रं कमी नव्हती, पण त्यांनाच पुढे सरकायला जागा नव्हती.

कारमेल चर्च ते डमफ्रीज हा सुमारे ७७ किलोमीटरचा पट्टा गोठून उभा होता. शेकडो गाड्या, काही जण चोवीस तासांहून जास्त. एका जोडप्याला आपल्या पुढे काही अंतरावर बॉल्टिमोरच्या श्मिट बेकिंग कंपनीचा पावाचा ट्रक दिसला. त्यांनी गाडीतूनच कंपनीच्या ग्राहक-क्रमांकावर फोन लावला. थोड्याच वेळात मालकाचा उलटा फोन आला: ट्रक उघडा, पाव वाटून टाका. सुमारे तीनशे पाकिटं त्या थंडीत गाडी-गाडीला पोचली. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट उचलून धरली आणि उचलण्यासारखी ती होतीच. पण अडकलेल्यांना खायला देणं हे सरकारचं काम एका बेकरीमालकाच्या मनाच्या मोठेपणावर येऊन ठेपलं होतं, हे कौतुकाच्या भरात बाजूला राहिलं.

या प्रकरणात एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली. सोमवारी दुपारनंतर बर्फ पडायचं जवळपास थांबलं होतं. सगळ्यात वाईट रात्र आली ती वादळ गेल्यानंतर.

हे झालं कसं? आदल्या दिवशी त्या भागात हिवाळा असूनही हवा चांगली उबदार होती. वादळाची सुरुवात पावसाने होणार होती. बर्फ येणार असेल तेव्हा रस्त्यावर आधीच मिठाचं पाणी फवारून ठेवतात. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, त्यामुळे बर्फ डांबराला घट्ट चिकटत नाही आणि फाळ लावलेल्या ट्रकने खरवडून काढता येतो. पण आधी पाऊस पडणार असेल तर फवारलेलं सगळं धुऊन जातं, म्हणून राज्याच्या परिवहन खात्याने ते फवारलंच नाही. इथवर निर्णय समजण्यासारखा आहे. मग पावसाचा बर्फ झाला आणि काही ठिकाणी तासाला दोन इंच या वेगाने पडू लागला. या वेगापुढे फाळवाले ट्रक अपुरे पडतात. ते एक फेरी मारून परत येईपर्यंत मागे पुन्हा तेवढाच थर बसलेला असतो. पहिला बर्फ उबदार डांबरावर वितळला, त्याचा राडा झाला, त्यावर नवा बर्फ बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांनी तो दाबून टाकला.

त्यावरून मालाचे लांब ट्रेलर जात होते. चढावर चाकं जागच्या जागी फिरू लागली. उतारावर ब्रेक लावला की पुढचं केबिन मंदावतं, पण मागच्या ट्रेलरचा भार पुढे रेटत राहतो आणि दोघांचा काटकोन होतो. ट्रेलर असा आडवा पडला की सगळ्या मार्गिका एकदम बंद. त्याच्या मागे गाड्या साचतात, आणि त्याला ओढून काढायला येणारी क्रेन, मीठ टाकणारे आणि बर्फ हटवणारे ट्रक त्याच रांगेच्या शेपटाला उभे राहतात. शेजारचा जुना रूट १ हा रस्ता होता, पण ओल्या जड बर्फाने झाडं मोडून पडली होती, वीज गेली होती, आणि महामार्गावरून उतरलेली वाहनं तिथेही तुंबली होती. रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेला. दुपारचा राडा दगडासारखा झाला. मीठही फार थंडीत हळूहळू निकामी होत जातं.

त्या रस्त्यावर कुणाचा जीव गेला नाही, हे नशीब. नंतर झालेल्या आढाव्यात खात्याखात्यांतल्या समन्वयावर आणि अडकलेल्यांपर्यंत माहिती न पोचण्यावर बोट ठेवलं गेलं. तेव्हाचे गव्हर्नर राल्फ नॉर्दम यांची मुदत संपत आली होती. टीका वाढली तेव्हा त्यांनी उलट विचारलं की, वादळ येणार हे माहीत असताना लोक गाडी घेऊन बाहेर का पडले? त्यावर आणखी टीका झाली. प्रश्न अगदीच खोटा नव्हता. पण तो चुकीच्या तोंडून आला. रस्ता उघडा आहे याचा अर्थ जायला हरकत नाही, असाच सामान्य माणूस घेतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. तो वेधशाळेचे नकाशे वाचत बसत नाही. फोनमधल्या नकाशावर रस्ता निळा दिसला की निघतो. रस्ता आता जाण्यासारखा नाही हे कळायचे मार्ग ज्याच्या हातात आहेत, त्यानेच ते सांगायचं असतं, आणि वेळेवर सांगायचं असतं. अशी वादळं मी वाचत गेलो तसं माझं मत पक्कं होत गेलं की माणसं बर्फाने अडकतात त्याहून जास्त उशिराने अडकतात.

बोस्टनजवळच्या रूट १२८ वर ६ फेब्रुवारी १९७८ला याचा पहिला मोठा धडा मिळाला होता. बर्फ पहाटेच सुरू होईल असा अंदाज होता. पहाटे काही आलं नाही. अंदाज चुकला म्हणून लोक नेहमीसारखे कामावर गेले. बर्फ उशिरा आला आणि असा आला की बोस्टनमध्ये २७ इंच साचला. एकट्या रूट १२८ वर तीन हजारांहून जास्त मोटारी आणि पाचशे ट्रक अडकले. त्यात चौदा माणसं गाडीतच कार्बन मोनॉक्साइडने गेली. गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी खासगी वाहनांवर बंदी घातली आणि जवळजवळ आठवडाभर ती राहिली. ते रोज स्वेटर घालून टीव्हीवर येत आणि परिस्थिती सांगत. तिथल्या जुन्या लोकांना अजून तो स्वेटर आठवतो.

पस्तीस वर्षांनी, ८ फेब्रुवारी २०१३ला, तसंच वादळ येणार होतं. या वेळी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक यांनी दुपारी चारपासून रस्त्यावर गाडी काढायला बंदी केली. मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत तुरुंग आणि पाचशे डॉलरपर्यंत दंड. वादळाचा खरा जोर तेव्हा यायचा होता. एवढी कडक बंदी कशाला, अशी कुरकूर झाली. रात्री दोन फुटांच्या आसपास बर्फ पडला, आणि रूट १२८ची पुनरावृत्ती झाली नाही. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही, त्यामुळे या निर्णयाचं श्रेय फारसं कुणी दिलं नाही.

मग इतर अधिकारी असा निर्णय का घेत नाहीत? जानेवारी २०१५चं न्यू यॉर्क बघा. दोन-तीन फूट बर्फाचा अंदाज. गव्हर्नर अँड्र्यू क्युमो यांनी रस्ते बंद केले, एवढंच नाही, तर भुयारी रेल्वेही बंद केली. बर्फासाठी सबवे बंद होण्याची तिच्या ११० वर्षांच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. सकाळी सेंट्रल पार्कमध्ये बर्फ मोजला तर तो ९.८ इंच. वादळ थोडं पूर्वेला सरकलं होतं. लाँग आयलंडवर दोन फूट पडला, मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरात ३४.५ इंच, पण मॅनहॅटनमध्ये राजकारण्यांची टर उडाली. न्यू जर्सीकडच्या एका सरकारी हवामानतज्ज्ञाने ट्विटरवर जाहीर माफी मागितली. विनाकारण बंद केलेल्या रस्त्याची टिंगल दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरू होते. उशिरा बंद केलेल्या रस्त्याची चौकशी सहा महिन्यांनी होते. दोन्हींत कशाची भीती जास्त वाटेल, हे कुठल्याही जिल्हाधिकाऱ्याला विचारा.

आपल्यातल्या पुष्कळ घरांची मुलं आज न्यू जर्सीत, बोस्टनच्या आसपास, नाहीतर त्याच न्यू यॉर्क राज्याच्या वरच्या भागात आहेत. वरचा भाग म्हणजे बफेलो, आणि बर्फाच्या बाबतीत तो वेगळाच प्रकार. शहर इरी सरोवराच्या काठी वसलंय. सरोवर गोठलेलं नसताना त्यावरून ध्रुवीय वारा आला की तो पाण्यातलं बाष्प उचलतो आणि काठावर येऊन बर्फ म्हणून रिता करतो. तिथल्या लोकांना सहा फुटांचं कौतुक नसतं. त्यामुळे २०२२च्या नाताळात हवामान खात्याने पिढीत एखादंच येणारं वादळ असा इशारा दिला तरी ‘आपण बफेलोवाले आहोत’ हा ताठा थोडाफार होताच.

ते वादळ आलं २३ डिसेंबरला, शुक्रवारी सकाळी. अमेरिकी हवामान खातं ब्लिझर्ड म्हणतं ते जोराचा वारा आणि पाव मैलाच्या आतली दृश्यमानता असं सलग तीन तास टिकलं तर. बफेलोत ते सलग ३७ तास टिकलं. विमानतळावर ५१.९ इंच बर्फाची नोंद झाली. इरी आणि शेजारच्या नायगारा परगण्यात मिळून ४७ माणसं गेली. काही रस्त्यात, काही गाडीत, काही वीज गेलेल्या घरात, काही बर्फ उपसताना हृदय बंद पडून. अग्निशमन दलाला आणि रुग्णवाहिकांना हाकेला जाताच येईना. मदतीला गेलेल्या गाड्याच रुतल्या, त्यांना काढायला गेलेल्याही रुतल्या.

बंदी होती. इरी परगण्याची वाहनबंदी सुरू झाली सकाळी साडेनऊला. याच साडेनऊवर नंतर वाद झाला. सकाळची पाळी तोवर कामावर पोचली होती, किंवा वाटेत होती. परगण्याचे प्रमुख मार्क पोलनकार्झ यांनी कारण सांगितलं की रात्रपाळीच्या कामगारांना घरी जाता यावं म्हणून थोडं थांबलो. कारण माणुसकीचं आहे, आणि नेमकी तिथेच मेख आहे. बंदी नसेल तर मालक दुकान बंद करत नाही. दुकान उघडं असेल तर ताशी पगारावरच्या माणसाला जावंच लागतं, नाहीतर त्या दिवसाचा पगार जातो, कधी नोकरीही. घरून लॅपटॉपवर काम करणाऱ्याला बंदीने काही फरक पडत नाही. बंदीचा खरा आधार असतो तो दुकानातल्या, गोदामातल्या माणसाला, कारण ती मालकापुढे दाखवायची चिठ्ठी असते. आदल्या रात्री जाहीर केली असती तर ती अनेकांच्या खिशात असती. शहराने न्यू यॉर्क विद्यापीठाकडून करवून घेतलेल्या आढाव्यातही बंदीच्या उशिरावर बोट ठेवलं गेलं. मेलेल्यांत काळ्या लोकांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येहून बरंच जास्त होतं, हेही त्यात आलं.

अडकल्यावर गाडीच्या आत काय होतं, हे आता जवळून सांगायला हवं. इंजिन चालू आहे, हीटर लागला आहे, काचा बंद आहेत. बाहेर बर्फ साचत चाललाय. गाडीच्या मागचा धुराचा नळा जमिनीपासून हातभरही वर नसतो. तो बर्फात बुजला की धूर मागे जाऊ शकत नाही. तो गाडीच्या खाली साठतो आणि तळाच्या फटींतून आत येऊ लागतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरतो. माणसाला डोकं जड वाटतं, झोप येते. थंडीने थकलोय असं वाटतं आणि डोळे मिटतात. जानेवारी २०१६च्या मोठ्या बर्फवृष्टीत न्यू जर्सीतल्या पसेइक शहरात वडील गाडीभोवतीचा बर्फ उपसत होते आणि आई मुलांना घेऊन ऊब मिळावी म्हणून चालू गाडीत बसली होती. नळा बर्फाखाली होता. आई आणि वर्षाचा मुलगा तिथेच गेले, मुलगी नंतर गेली. वादळात अडकून नव्हे, घराच्या दारासमोर.

म्हणून तिथले जाणते सांगतात की टाकी अर्ध्याहून खाली जाऊ द्यायची नाही, डिकीत फावडं आणि घोंगडी ठेवायची, तासाला दहा मिनिटंच इंजिन चालू करायचं, त्याआधी दरवेळी उतरून नळा मोकळा करायचा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची, आणि गाडी सोडून चालत जायचं नाही. पांढऱ्या अंधारात दहा पावलांवरचं घर सापडत नाही.

बफेलोच्या आधी, त्याच २०२२च्या सुरुवातीला, आपल्या शेजारी जे घडलं त्याची आठवण आपल्याकडे फार कमी लोकांना आहे. मरी हे पाकिस्तानातलं थंड हवेचं ठिकाण, उंची सात हजार फुटांच्या पुढे, इस्लामाबादहून दीड-दोन तासांवर. इंग्रजांनी वसवलेलं, मॉल रोड असलेलं. आपल्या सिमल्याचं किंवा महाबळेश्वरचं जे स्थान, तेच पंजाबी मध्यमवर्गाच्या मनात मरीचं. बर्फ बघायला लोक तिथेच जातात.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हवामान खात्याने जोरदार बर्फवृष्टीचा इशारा दिला होता. झालं उलटंच. इशाऱ्याने गर्दी वाढली, कारण बर्फ पडणार म्हणजे बघायला जायचं. काही दिवसांत एक लाखाहून जास्त गाड्या डोंगरावर चढल्या. त्याच सुमाराला माहितीमंत्री फवाद चौधरी यांनी ट्विट करून लाखभर गाड्या आल्याचं आणि हॉटेलांचे दर चढल्याचं अभिमानाने सांगितलं. लोकांच्या हातात पैसा खुळखुळतोय याचा हा पुरावा, असा त्यांचा सूर होता. ७ जानेवारीच्या रात्री वादळ आलं. झाडं मोडून रस्त्यावर पडली, वीज गेली, आणि कुलडणा ते बाडियां या अरुंद डोंगरी रस्त्यावर गाड्या जिथल्या तिथे गाडल्या गेल्या. ८ तारखेची सकाळ उजाडली तेव्हा किमान बावीस माणसं गाड्यांमध्ये मेलेली सापडली. त्यांत लहान मुलं होती. इस्लामाबाद पोलिसांतला एक अधिकारी आपल्या कुटुंबासह एकाच गाडीत होता. काहींनी त्या रात्री नातेवाइकांना फोन केले होते, मदत पाठवा म्हणून. प्राथमिक अहवालात बहुतेक मृत्यूंचं कारण थंडी नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइड असं आलं.

चौकशी झाली. बर्फ हटवणारी वाहनं होती, पण ती ठिकठिकाणी विखुरून ठेवण्याऐवजी एकाच जागी उभी होती, असं त्यात निघालं. पंजाबच्या मुख्यमंत्र्यांनी पंधरा अधिकाऱ्यांवर कारवाई केली. मरीला जाणारे रस्ते बंद झाले ते फार उशिरा. आधीच, लाखाची बढाई मारण्याऐवजी खालच्या नाक्यावर अडसर टाकला असता, तर हे प्रकरण हॉटेलवाल्यांच्या तक्रारीपुरतं राहिलं असतं. मरीच्या काही हॉटेलांनी त्या रात्री खोल्यांचे दर अव्वाच्या सव्वा केले, अशा तक्रारी आल्या. इतर अनेकांनी आणि गावकऱ्यांनी घरं उघडून माणसं आत घेतली. संकटात दोन्ही प्रकारची माणसं दिसतात, त्याचं मला फार नवल वाटत नाही.

बर्फ किती पडला यावर सगळं अवलंबून नसतं, याला साक्ष अटलांटाची. २८ जानेवारी २०१४ला तिथे दोन-अडीच इंच बर्फ पडला, म्हणजे बफेलोवाला झाडूने बाजूला करील इतका. शाळा, कचेऱ्या, सरकारी खाती, सगळ्यांनी दुपारी एकाच वेळी सुट्टी जाहीर केली. लाखो गाड्या एका तासात रस्त्यावर आल्या. बर्फावर त्यांच्या चाकांनी काच तयार केली. मुलं शाळेत आणि शाळेच्या बसमध्ये रात्रभर राहिली. आय-२८५ वर एका बाईची प्रसूती गाडीतच झाली. गव्हर्नर नेथन डील यांनी माफी मागितली. २६ जुलै २००५ची मुंबई ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे खरंच, पण दुपारी सगळे एकदम घराकडे निघाले आणि तिथून पुढे रस्त्यावर पाणी चढत गेलं, गाड्यांच्या काचा उघडेनात, हेही तितकंच खरं.

जपानने या प्रश्नाकडे जसं बघितलं तसं दुसऱ्या कुणी बघितल्याचं मला आढळलं नाही. डिसेंबर २०२०मध्ये निगाता प्रांतात कान-एत्सु द्रुतगती मार्गावर सुमारे एकवीसशे गाड्या अडकल्या. शेवटची सुटायला ५२ तास लागले. जपानी रस्ते-प्रशासनाचं तोवरचं धोरण असं की काहीही झालं तरी रस्ता शक्य तितका वेळ चालू ठेवायचा. त्यांच्या कार्यक्षमतेला ते साजेसंही होतं. पण या घटनेनंतर त्यांनी ते धोरणच फिरवलं. मार्च २०२१मध्ये मंत्रालयाच्या शिफारशींमध्ये स्पष्ट आलं की माणसाचा जीव आधी, म्हणून मोठ्या बर्फाचा अंदाज असेल तर रस्ता आधीच, ठरवून बंद करायचा. आणखी एक गोष्ट त्यांनी ओळखली, जी पुढे व्हर्जिनियातल्या रूट १ वरही दिसली. द्रुतगती मार्ग बंद केला की वाहनं समांतर जुन्या रस्त्यावर ओतली जातात आणि तो तुंबतो. म्हणून दोन्ही एकाच वेळी बंद करायचे, भले लोकांचे शिव्याशाप मिळोत. त्यानंतरच्या हिवाळ्यांत जपानमध्ये बर्फ पडण्याच्या आदल्या दिवशीच हे मार्ग बंद होऊ शकतात, बाहेर पडू नका, अशा सूचना येऊ लागल्या. कंपन्यांना माल आधी किंवा नंतर पाठवायला सांगितलं जाऊ लागलं. मला जपानचं कौतुक करायची सवय नाही, पण रस्ता चालू ठेवण्याचा अभिमान सोडून देणं हे कुठल्याही अभियंता-खात्याला जड जातं.

आपल्याकडे हिमालयात हे शहाणपण नाही असं नाही. झोजी ला ही साडेअकरा हजार फुटांवरची खिंड लडाखला श्रीनगरशी जोडते. तिथे बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशन दरवर्षी हिवाळ्यात रस्ता बंद ठेवते आणि वसंतात बर्फाच्या भिंती कापून उघडते. २०२३ला ६८ दिवसांनी तो मार्च महिन्यातच उघडला, तेव्हा ती बातमी झाली, कारण पूर्वी तो चार-सहा महिने बंद असायचा. उघडा असतानाही खिंडीत एका दिशेची वाहतूक, ठरलेल्या वेळेतच प्रवेश. वेळ टळली की फाटक बंद. सैन्याच्या आणि सीमेच्या रस्त्यावर ‘आज नाही’ म्हणायची सवय आहे. पर्यटनाच्या रस्त्यावर ती अजून लागायची आहे.

३ ऑक्टोबर २०२०ला अटल बोगदा सुरू झाला. नऊ किलोमीटरचा हा बोगदा रोहतांगच्या खालून लाहौलमध्ये निघतो. पूर्वी हिवाळ्यात मनालीहून रोहतांगपलीकडे पर्यटक जात नसत. आता नाताळाच्या आठवड्यात मुंबई-पुण्यापासून दिल्लीपर्यंतची माणसं सोलंग ओलांडून, बोगद्यातून पलीकडे सिस्सूला बर्फ बघायला जातात. बोगद्याच्या आत रस्ता कोरडा. बाहेर आलं की दोन्ही तोंडांना बर्फ. पहिल्याच हिवाळ्यात, जानेवारी २०२१ मध्ये, शेकडो पर्यटक तिथे रात्री अडकले. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि बोगद्याच्या दरम्यान सुमारे हजार गाड्या अडकल्या. पोलिसांनी रात्रभर बर्फात उभं राहून एकेक गाडी खाली काढली. जीवितहानी झाली नाही. तेवढ्याने सगळे खूश झाले आणि पुढच्या सुट्टीची बुकिंगं सुरू झाली.

बर्फ पडला की प्रशासन फोर-बाय-फोर गाड्या तेवढ्या पुढे सोडतं, बाकीच्यांना नेहरू कुंडाजवळ अडवतं. तिथे रोज हुज्जत होते. एवढे पैसे भरून आलोय, मुलांना बर्फ दाखवायचाच, तुमची माणसं त्या पुढच्या गाडीला कशी सोडतात, वगैरे. या हुज्जतीत मराठी आवाज कमी नसतात. टुरिस्ट कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘दिवस चौथा : अटल बोगदा व सिस्सू’ असं छापलेलं असतं, आणि छापलेलं झालंच पाहिजे, हा आपला बाणा. मरीचा रस्ताही असाच सुट्टीचा, असाच अरुंद होता, आणि तिथे अडवणारंच कुणी नव्हतं.

येत्या नाताळात मनालीला, गुलमर्गला किंवा सिक्कीमला जाणार असाल, तर एक दिवस कोरा ठेवून बुकिंग करा, कार्यक्रमपत्रिकेतला तो चौथा दिवस बुडाला तरी चालेल असं आधीच ठरवून निघा. तिथला टॅक्सीवाला ‘साहब, आज ऊपर मत जाओ’ म्हणाला, की त्याच्या हातावर जास्तीचे पैसे ठेवू नका. त्याचं ऐका. आणि नाक्यावरच्या पोलिसाने गाडी परत फिरवायला सांगितली तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याला धन्यवाद द्या आणि परत फिरा.